सावडीचा पासवर्ड

आयुष्यात मी एकच यंत्र असं उभं केलं की ज्यात शेवटपर्यंत खोट निघाली नाही. आणि त्याच यंत्रानं आमची खोली बंद पाडली. भाजी करपली तर गॅसला नाव ठेवता येतं. मला तेवढीही सोय राहिली नाही.

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. नात विचारते, "आजी, तू तेव्हापण अशीच होतीस का?" मी सांगते, "न्हाई बाई, तेव्हा मी फार हुशार होते. आता जरा बरी झाले."

त्या हुशार बाईबद्दल आधी थोडं सांगते. एक्याऐंशी साली ती जालन्याच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. एका कागदाखाली चार कार्बन घालून टाइप करायची आणि पाचव्या प्रतीवरसुद्धा खाडाखोड नसायची. याचा तिला एवढा गर्व, की बघायला पाहुणे आले तेव्हा तिनं पोह्यांबरोबर स्वतः टाइप केलेला एक कागदही समोर ठेवला. पाहुण्यांतल्या एकानं तो पोह्याच्या बशीखाली घेतला, सतरंजीला तेल लागू नये म्हणून. त्याच्याशीच माझं लग्न झालं.

नवरा जाफराबादला शाळेत मास्तर. बरीच वर्षं मी जालन्याला आणि ते जाफराबादला, असा संसार झाला. पुढं कॉम्प्युटर आले. मी कोर्स केला, सर्टिफिकेटला फ्रेम करून घेतली, नोकरी सोडली आणि जाफराबादला स्टँडजवळ, एका बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत टायपिंगचं काम सुरू केलं. काम हैदराबादच्या एका कंपनीचं होतं. दवाखान्यांतून विम्यासाठी गेलेले कागद फोटो काढून ते सीडीवर पाठवायचे. आम्ही डॉक्टरांचं अक्षर लावायचो, पेशंटचं नाव, आजार, किती दिवस ॲडमिट असं सगळं रकान्यांत टाइप करायचो आणि सीडी कुरिअरनं परत.

खोलीत सहा जणी होत्या. सगळ्या आसपासच्या सुना, म्हणून जी ती आपल्या माहेरच्या गावानं ओळखली जायची. वडीगोद्रीची सगळ्यांत थोरली. नवरा लवकर गेलेला, दोन मुलं, जीभ तिखट. आष्टीची सगळ्यांत धाकटी, चोवीस वर्षांची, पण डॉक्टरांचं अक्षर लावण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी भिंग घेऊन बसायचे आणि ती मान वाकडी करून म्हणायची, "म्याडम, अपेंडिक्स हाय ते. मुंग्या न्हाईत."

आमच्या खोलीत रजा नावाची गोष्टच नव्हती. आमच्याकडं रानात सावड असते. आज सगळ्या जणी तुझ्या वावरात, उद्या माझ्या. हिशेब कुणी मांडत नाही, पण कुणी चुकवतही नाही. तेच खोलीत आलं होतं. एकीची कापूस वेचणी निघाली, एकीच्या पोराला ताप आला, की तिच्या वाटणीचे कागद बाकीच्या पाच जणी करायच्या, तिच्या नावावर. तिचा पगार तसाच राहायचा. मी कधी असं ठरवून दिलं नव्हतं. खोली सुरू झाली तेव्हापासून ते चालूच होतं म्हणा ना, जसं पंख्याचं बटन कुठलं हे आधीच सगळ्यांना माहीत असतं.

आष्टीच्या पोरीला दिवस गेले. सातव्यापर्यंत ती जिना चढून येत राहिली. मग सासूनं सांगितलं, "आता बास." बाळंतपणाला माहेरी जायचं आणि परत आल्यावर काय, यावर त्यांच्या घरात चार दिवस वाद चालला. शेवटी सासूनं एक अट घातली, आणि ती पोरीनं मला येऊन सांगितली.

"आत्याबाई म्हनल्या, परत आल्यावर जागा तशीच असली तर जा. जागा गेली तर मंग घरातच बस, पुन्हा विषय काढायचा न्हाई."

"मग?"

"मंग माझी खुर्ची, म्याडम?"

"कुणाच्या बापाची हिंमत आहे हलवायची?" हुशार बाई म्हणाली.

तिचा नवरा काळी-पिवळी जीप चालवायचा. त्यानंच तिला जालन्यापर्यंत सोडलं. तिथून परतूर, तिथून आष्टी. जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक.

ती गेली आणि आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. कुठल्या तरी गावाची एक सीडी बसमध्ये राहून गेली होती. लोकांचे आजार असे सीटखाली पडून चालणार नाहीत, तेव्हा यापुढं सीडी बंद. प्रत्येक केंद्रानं आपल्याकडं सुरक्षित सर्व्हर बसवायचा. काम त्यावर ठेवायचं, हैदराबादहून ते उचलून नेतील. प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, आणि तो दुसऱ्या कुणालाही सांगायचा नाही. सहाच्या खाली ऑपरेटर असतील त्या केंद्राला काम मिळणार नाही. मुदत, महिनाअखेर.

मी पत्र घरी वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले, "अगं, तुला मिक्सरचं भांडं बसत नाही."

"मिक्सरचं भांडं तुम्ही वाकवलंय."

"बरं. सर्व्हर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. पण असं विचारल्यावर माझ्यासारखी बाई मागं हटत असते का?

एका जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये नवी मेमरी घातली. जालन्याहून कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली, लिनक्स या फुकट प्रणालीची सीडी मिळवली. दुपारी बारा ते चार भारनियमन, त्यामुळं सगळं काम सकाळी. पहिल्यांदा अर्ध्यावर लाइट गेली. दुसऱ्यांदा मी चुकीचा भाग पुसला आणि माझी स्वतःची तीन वर्षांची पत्रं गेली. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका लुकलुकायला लागला आणि मी खालच्या बियाणेवाल्याला वर बोलावून तो दाखवला. तो म्हणाला, "बराबर हाय की. पन काही दिसून नाही राह्यलं."

टेलिफोन ऑफिसकडून कायमचा, न बदलणारा इंटरनेटचा पत्ता हवा होता, नाहीतर हैदराबादचा माणूस रोज आमचं दार कुठं शोधणार? त्यासाठी तीन अर्ज आणि पाच खेपा झाल्या. तिथला बाबू विचारायचा, "बाई, घरचा पत्ता तोच हाय ना? मग अजून कशाला पत्ता पाहिजे?" मग मोडेममध्ये कंपनीला आत येण्यापुरतं बावीस नंबरचं दार उघडायचं आणि बाकीची सगळी बंद ठेवायची. ते जमलं.

जमत नव्हतं ते खात्यांचं. प्रत्येकीनं आपापल्या फोल्डरमध्येच यावं, दुसरीचं काही दिसू नये, अशी अट होती. मी तसं लिहिलं की सर्व्हर आत घ्यायचा आणि त्याच क्षणी बाहेर ढकलायचा. कारणही सांगायचा नाही. सासरसारखं. चार सकाळी त्यात गेल्या. एका परदेशी पानावर शेवटी उत्तर सापडलं: बाहेरची खोली मशीनच्या मुख्य खात्याच्याच मालकीची हवी, वापरणारीच्या नावावर तिच्या आतला एक कोनाडा तेवढा करायचा. खोली तिच्या नावावर केलीत तर मशीनला ती धोक्याची वाटते. मी ते वाचून दाखवलं तेव्हा वडीगोद्रीची म्हणाली, "मंग हे मशीन आपल्याकडंच तयार झालं असन."

महिना संपायला दोन दिवस असताना हैदराबादच्या साहेबांचा फोन आला. सर्व्हरची एक ओळख असते, आकडे-अक्षरांच्या सोळा जोड्या. ती दोघांनी फोनवर पडताळायची, म्हणजे मधे कुणी दुसराच आमचं नाव लावून बसलेला नाही याची खात्री. मी वाचत गेले. "ए."

"ए फॉर?"

"ए फॉर अंबड."

"बी?"

"बी फॉर भोकरदन."

साहेब हसले. "मॅडम, आपका पूरा जिला हो जाएगा." सोळाच्या सोळा जोड्या जुळल्या. मी फोन ठेवला आणि सहा जणींत… म्हणजे पाच जणींत पेढे वाटले.

तर पाच जणी. आणि खाती हवी होती सहा.

"आष्टीचीचं खातं काढा," वडीगोद्रीची म्हणाली.

"पण ती नाहीय."

"म्हनून काय झालं? काम तर हाय. तिचे कागद आम्ही करूच, सावडीत. ती आल्ती का न्हाई हे मशीनला काय कळतं?"

"पासवर्ड कुणाला सांगायचा नाही असं लिहिलंय."

"बाहेरच्याला न्हाई ना सांगायचा. आपन कुठं बाहेरच्या?"

त्या हुशार बाईला ते पटलं. खातं काढलं नाही तर कंपनीचं काम नाही. काम नाही तर खुर्ची नाही. आणि खुर्ची नाही तर आष्टीची पोर जन्मभर घरात. मग मीच तिचा पासवर्ड केला: तिच्या गावाचं नाव आणि पुढं जन्मसाल. सगळ्यांना पाठ झाला. खरं सांगायचं तर सहाही पासवर्ड सगळ्यांना पाठ झाले. आठवडाभरातच कोण कुणाच्या नावानं आत जातंय हे मलाही सांगता आलं नसतं.

मशीनला मात्र सगळं सांगता येत होतं. सर्व्हर नोंद ठेवतो: कोण आलं, किती वाजता, कोणती फाइल ठेवली, कधी गेलं. कंपनीनं महिन्याला एक साधी यादी मागितली होती. साधी यादी देईल ती मी कसली! मी नोंद जितकी बारीक होईल तितकी बारीक करून घेतली आणि अशी सोय केली की रोज संध्याकाळी सहाला ती आपोआप कंपनीच्या फोल्डरमध्ये जाईल. कुणीही मागितलेली नव्हती. पाचव्या प्रतीवरही खाडाखोड नाही हे दाखवायची खोड, दुसरं काय. घड्याळ मागं पडू नये म्हणून ते रोज इंटरनेटवरच्या घड्याळाशी मिळवायची व्यवस्था केली. मास्तरांचं हातातलं घड्याळ मी त्या मशीनवरून लावायचे, तेही शाळेत निघालेले असताना, त्यांना खोलीच्या जिन्यापाशी थांबवून.

शिवाय रोजच्या कामाबरोबर मी एक पत्र ठेवायचे. टायपिंगच्या परीक्षेतल्यासारखं, इंग्रजीत: माननीय साहेब, आज इतके कागद पाठवले, अमुक पानाचं अक्षर लागलं नाही, बाकी सर्व कुशल. कामात इतका जिव्हाळा हवाच, असं मला वाटायचं. साहेबही कधी फोनवर म्हणायचे, "मॅडम, आपका खत पढा."

एका सकाळी आष्टीहून फोन आला. सरकारी दवाखान्यात पहाटे मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. खोलीत काय गलका झाला! त्या दिवशीही तिच्या वाटणीचे कागद झाले, नेहमीपेक्षा जास्तच, सगळ्यांनी जल्दी जल्दी हात चालवला. संध्याकाळी मी पत्र लिहिलं. माननीय साहेब, आज इतके कागद पाठवले. कळविण्यास आनंद होतो की आमची सहाव्या नंबरची ऑपरेटर आज पहाटे आष्टी येथील दवाखान्यात प्रसूत झाली व तिला कन्यारत्न झाले.

सहा वाजता नोंदही गेली. तिच्यात सहावा नंबर सकाळी सव्वादहाला जाफराबादेत कामावर हजर होता आणि चार वाजून पाच मिनिटांनी त्यानं दुसरी फाइल ठेवली होती.

दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये होते. माझं पत्र आणि माझीच नोंद, शेजारी शेजारी.

महिन्याभरानं कंपनीत तपासणी झाली. साहेबांचा फोन आला तेव्हा मी खुशीतच उचलला.

"मॅडम, एक बात पूछनी थी. वो छह नंबरवाली. बच्ची हुई, उस दिन वो काम पे कैसे आई?"

मी त्या दिवसाची नोंद उघडायला लागले.

"मैं समझता हूँ," साहेब म्हणाले. "पुरानी मशीन है. बॅटरी उतर जाती है, तारीख एक दिन आगे-पीछे हो जाती है. ऐसा हुआ होगा ना? आप दो लाइन लिख के दे दो कि घडी गलत थी. मैं फाइल बंद कर देता हूँ."

भला माणूस. दोरी अगदी हातात आणून देत होता. फक्त धरायची होती.

आणि ती बाई, चार कार्बनवाली, फोनवर ताठ उभी राहिली. "नहीं साहब," ती म्हणाली. "मेरे सर्व्हर की घडी बिलकुल बराबर है. रोज मिलाती हूँ. एक सेकंद का फरक नहीं."

मग साहेबांनी विचारलं, "तो फिर?"

आता सुरुवात झालीच होती, तर सगळं नीट समजावून सांगावं असं मला वाटलं. मी त्यांना सावड समजावून सांगितली. एकीच्या वावरात सगळ्या, मग दुसरीच्या. पासवर्ड सगळ्यांना माहीत आहेत, पण काम कसं एक दिवस अडलं नाही. माझं हिंदी त्या दिवशी फार सुरेख झालं.

"मॅडम," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ये बात आपको मुझे नहीं बतानी थी. ये फोन रेकॉर्ड होता है."

चौथ्या दिवशी पत्र आलं. लोकांच्या आजारांची गोपनीयता, पासवर्डचा गैरवापर, करार संपुष्टात. पत्रात चूक काढायला जागा नव्हती. आजही नाही. माझ्या स्वतःच्या आजाराचे कागद कुणी वाचले याचा पत्ता लागू नये, हे मलाही चाललं नसतं. पण आमच्या खोलीत कुणी कुणाचं काही चोरलं नव्हतं, आणि ते सांगायला त्या पत्रावर रकाना नव्हता.

मी सगळ्या जणींना सांगितलं. वडीगोद्रीची खिडकीपाशी उभी होती.

"घड्याळ चुकलं म्हनायला काय जात व्हतं, म्याडम?"

"खोटं कसं बोलू?"

"अन् रोज सहावी हजर म्हनून लिवत व्हतो, ते खरं व्हतं का?"

मी म्हणाले, "ते वेगळं."

"बराबर," ती म्हणाली. "ते आमच्यासाठी व्हतं. हे तुमच्या मशीनसाठी."

ती शिवीगाळ करती तर बरं झालं असतं. तिनं आपला डबा पिशवीत घातला, की-बोर्डवर कापड टाकलं आणि जिना उतरली. पुढच्या आठवड्यापासून ती दुसऱ्यांच्या रानात वेचणीला जायला लागली. स्टँडवर भेटली की बोलायची, मुलांचे मार्क सांगायची. खोलीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. सवयीनं ती सर्व्हरवरच ठेवली. हैदराबादहून कुणी उचलायला आलंच नाही. नोंदीत रोज पाहायचे. बाहेरून कुणी आलं तर ते कुठल्या तरी परदेशातलं यंत्र, पासवर्ड ठोकून पाहणारं. त्यांना सर्व्हर आत घेत नव्हता. मी सांगितलं ना, त्यात खोट नव्हती.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर आष्टीची सासरी आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी, चार वाजता लाइट आल्या आल्या, जिन्यावर तिची पावलं वाजली. खाली नवऱ्याची जीप, पॅसेंजर भरलेले. काखेत दुपट्यातली मुलगी.

तिला सगळं कळलं होतं. तरी ती आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. मी मुलीला घेतलं. तिचं नाक अगदी आईसारखं.

"म्याडम, माझ्या नावानं खातं व्हतं म्हनतेत?"

"होतं. आहे."

"मी तर कधी बघितलंच न्हाई." ती गेली त्यानंतरच तर सर्व्हर आला होता. "पासवर्ड काय?"

मी सांगितला. ती हसली. "सगळ्यांना म्हाईत, अन् मलाच न्हाई." मग तिनं तो टाइप केला, सावकाश, एका बोटानं, जरी तिची बोटं त्या खोलीत सगळ्यांत चपळ होती. सर्व्हरनं तिला आत घेतलं. बाकीच्यांनी केलेली तिची सगळी कामं कंपनीनं कधीच उचलून नेली होती. फोल्डर रिकामं.

"आता यात काय ठिवू?"

तिनं पर्स उघडली आणि आष्टीच्या दवाखान्याचं कार्ड काढलं, चार घड्या पडलेलं. ते की-बोर्डला टेकवून ठेवलं आणि टाइप करायला लागली. आमचेच रकाने. पेशंटचं नाव, गाव, भरती झाल्याची तारीख, निदान, मूल, वजन. डॉक्टरचं अक्षर भयंकर होतं. मला एकही शब्द लागला नसता. तिला कुठंच अडलं नाही.

खालून हॉर्न वाजला. तिनं फाइल ठेवली, एकदा उघडून बघितली, परत वाचली. एक आकडा सुधारला.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब.

"जाते, म्याडम. पॅसेंजर ओरडून राह्यले." मुलीला घेतलं आणि उठून तिनं खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.

मी तशीच बसून राहिले. सहा वाजता मशीन आपोआप जागं झालं आणि दिवसाची नोंद हैदराबादच्या फोल्डरमध्ये ठेवली. सहावा नंबर, चार वाजून बावीस मिनिटांनी हजर, एक फाइल, चार एकोणचाळीसला रवाना. तिच्या नावाची तेवढी एकच नोंद खरी होती. वेळही बराबर होती. मास्तर शाळेतून आल्यावर मी मशीनचं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी लावून पाहिलं.

खुर्ची मी बरीच वर्षं हलवली नाही. तेवढा शब्द मात्र पाळला.